सारिकाचे हातमोजे

३ फेब्रुवारी, नांदुरा
आले बाई एकदाची! दुसरबीडहून एसट्या बदलून अंग आंबलं, पण कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्यातली ही प्रयोगशाळा पाहून शीण गेला. काम माझ्याच विषयाचं: हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरून अमाइनच्या जागी फ्लोरिन बसवायचा, मग मिश्रण प्लास्टिकच्या नरसाळ्यात हलवून त्या आम्लाचा थर वेगळा काढायचा. मालक भगवानरावांनी जिलेबी मागवली. चौकीदार कडूबाकाकांनी खोली झाडून ठेवली होती. फोनवर आई आनंदानं रडलीच.

६ फेब्रुवारी
इथे हातमोजे धुऊन तारेवर वाळत घालतात! एकदा वापरून फेकायची वस्तू ती! एका जोडीवर पेनानं ‘सारिका’ लिहिलंय. माझ्या आधीची केमिस्ट, लग्न होऊन गेली म्हणे. हे आम्ल आधी दुखत नाही, गुपचूप हाडापर्यंत उतरतं. म्हणून नवे मोजे आणि त्यावरचा उतारा, कॅल्शियमचं मलम, मागितलं. भगवानराव हसले, म्हणाले, काऊन घाबरून राह्यली पोरी, पहिलीनं तं कधी कुरकुर नाही केली. डोंबल!

११ फेब्रुवारी
मलम नाही. मोजे नाहीत. मालकाच्या गाडीला मात्र नवी सीटकव्हरं! साफ सांगितलं, मोजे आल्याशिवाय नरसाळ्याला हात लावणार नाही. तर म्हणाले, मंग जा घरी. कोणत्या तोंडानं जाऊ? आईनं गावभर पेढे वाटलेत. राग गिळला. सारिकाचे मोजे घेतले.

१२ फेब्रुवारी, दुपार
मोजा काढला तर आत ओल. उजव्या हाताच्या बोटाशी टाचणीएवढं भोक. कधीचा हात नळाखाली धरलाय. दुखत नाही, म्हणूनच जीव घाबरलाय. दवाखान्यात न्या म्हटलं, तर मालक म्हणाले, दुखून नाही राह्यलं तं दवाखाना कशाले? मलम आणतो म्हणून गाडी घेऊन गेले. आणि मी मूर्ख वाट बघत बसलेय!

संध्याकाळ
डाव्या हातानं लिहितेय. नखं पांढरी. हाडात कुणी दाभण फिरवतंय — आई गं! कडूबाकाका रडत सांगतात, सारिकाचं लग्न-बिग्न काही नाही. तिचा हातही असाच. मालकानंच नेलं, डॉक्टरले सांगितलं चहा सांडला. उपचार चुकला, पोरगी जिवानिशी गेली. मग काका, मी तेच मोजे घालताना तुमचं तोंड शिवलं होतं का?

गाडीत
मालक आले. मलम नाहीच. मला मागे टाकलंय — छाती धडधडते, थांबते — आवाज फुटत नाही. पुढे फोनवर डॉक्टरांना सांगतायत, पोरीच्या हातावर गरम चहा —
खोटं! मेल्या, खोटं!
डॉक्टर, चहा नाही. फ्लोराइड. कॅल्शियम द्या, लवकर कॅल्शि