आधी आपलं टोक

तीर्थरूप काका,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे अर्धाच वाकलोय, उरलेला भेटीत.) काकूंचा गुडघा, तुमची झोप आणि कुंडीतले टोमॅटो ठीक असतील अशी आशा करतो. खरं तर फोनच केला असता. पण गेलं वर्षभर तुम्ही "लाइन खराब आहे" म्हणत तिसऱ्या वाक्याला फोन ठेवून देता आणि माझं बोलणं घशातच राहतं. त्याची फार चुटपुट लागते, म्हणून हे पत्र.

तर इकडची हकीकत. आमच्या ऑफिसने सगळं काम क्लाउडवर नेलं. (ढगबिग काही नाही हो; दुसऱ्या कंपनीच्या थंडगार इमारतीत भाड्याने घेतलेले कॉम्प्युटर.) तिथपर्यंत चारचौघांच्या इंटरनेटच्या गर्दीतून जायचं नाही, आपली एकट्याची खासगी लाइन घ्यायची, असं साहेबांनी ठरवलं आणि ते लचांड माझ्या गळ्यात मारलं. केबल आली. आत काचेचे दोन धागे, एकातून बोलायचं, दुसऱ्यातून ऐकायचं. जोडली. ढिम्म. नऊ दिवस ढिम्म. आम्ही लाइनवाल्यांना झापलं, त्यांनी क्लाउडवाल्यांकडे बोट दाखवलं आणि क्लाउडवाल्यांनी अतिशय गोड आवाजात पुन्हा लाइनवाल्यांकडे. साहेब रोज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन नुसते उभे राहायचे. (ओरडले असते तर परवडलं असतं.)

दहाव्या दिवशी आमच्या ऑफिसातल्या यंत्रांच्या गारठलेल्या खोलीत कानटोपी घालून जमिनीवर बसलो होतो आणि एकदम आपली खासगी लाइन आठवली. तुम्ही तेव्हा टेलिफोन खात्यात तारा जोडायचात. दोन मोडके रिसीव्हर दुरुस्त करून तुमच्या स्वयंपाकघरातून आमच्या माडीवर, मधल्या भिंतीवरून तार टाकली होतीत. तुमच्या पिशवीचा तो मेणाचा वास, रंगीत तारांच्या तुकड्यांच्या अंगठ्या... काय दिवस होते ते! रोज शाळेतून आलो की तारेवर तुम्ही. आज काय झालं ते विचारायचात आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यायचात. (घरात शेवटपर्यंत ऐकणारे तुम्ही एकटेच.) पहिल्या दिवशी मात्र मी खिडकीतून बोंब ठोकली होती की लाइन बिघडली. तुम्ही चहा अर्धा टाकून जिना चढून आलात, माझ्या हातातला उलटा रिसीव्हर सुलटा केलात आणि एवढंच म्हणालात, "आधी आपलं टोक बघावं, मग लाइनला बोल लावावा."

उठलो. आपलं टोक बघितलं. दोन्ही धागे उलटे खोचलेले. दोन्ही बाजू एकाच धाग्यात बोलत होत्या आणि दुसऱ्याला कान लावून बसल्या होत्या. अदलाबदल केली, हिरवा दिवा लागला आणि मी, खरं सांगतो, रडलो. साहेबांना वाटलं, थंडीने डोळ्यांत पाणी आलं.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा,
उलटा रिसीव्हर

ता. क. काकूंचा फोन आला होता. तुमच्या तक्रारीवरून लाइनवाला तिसऱ्यांदा येऊन गेला आणि लाइन ठणठणीत आहे म्हणाला. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं यंत्र डबीतून बाहेरही न निघता कपाटात पडलंय, हेही कळलं. काका, रविवारी सकाळी दहाला फोन करतो. ते कानात घालून बसा. मला तुमच्याशी चौथं वाक्य बोलायचंय.

ता. ता. क. ते धागे उलटे कुणी खोचले, हे ऑफिसात अजून कुणाला माहीत नाही. मीच. तुम्हाला सांगायला मला लाज वाटली नाही, तेव्हा माझ्यापुढे तुम्हीही वाटून घेऊ नका.