आधी शेपटाला पाणी

आबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि परवा बंधाऱ्यावर मला तुमचा हेवा वाटला. गेलेल्या माणसाचा, त्यातून बापाचा हेवा करू नये, हे रोज देवापुढे दिवा लावणाऱ्या मला कळतं. तरी वाटला.

माझं लग्न झालं त्या वर्षीचा एक दिवस आठवतो. तुम्ही गावचे पाटकरी, बंधाऱ्याचं पाणी कोणाच्या शेताला कधी सोडायचं ते तुमच्या हातात. आपलं शेत कालव्याच्या तोंडाशी, तरी पाळी सगळ्यांच्या मागून. ऊस वाळताना बघवेना म्हणून मी पाट फोडून घेतला. तुम्ही येता, ओरडत नाही, चार माणसांदेखत माझ्याच हातांनी चिखल भरून तो बुजवायला लावता. मग म्हणता, "पानी काय आपला बापनं शे?" घरी आईने कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी वाढली, ती तशीच ठेवून मी उठलो.

पुढे मी पंचायत समितीवर निवडून आलो. बंधारा दुरुस्त व्हावा, पण वाटप सरकारी चौकीदाराकडे न जाता गावाकडेच राहावं, म्हणून धुळ्याच्या कचेऱ्यांत चपला झिजवल्या. परवा जिल्ह्याचा विकास आराखडा करणारे मुंबईचे साहेब आले. मी नकाशे, ठराव पसरले. ते बाजूला सारून त्यांनी म्हाताऱ्यांनाच विचारलं, "पाणी कमी पडलं की भांडणं होत असतील?"

शेजारचे नाना पुढे झाले. "कसानं भांडन? आबानी घालेल रीत शे. आधी शेपटाले पानी, मंग तोंडाले. पाटकरीनं वावर बठ्ठास्ना मांगे."

साहेबांना बोली उमगेना. "काय म्हणतात हे?"

मी म्हणालो, "गावाची जुनी रीत आहे म्हणतात. आधी कालव्याच्या शेपटाला, म्हणजे शेवटच्या शेताला पाणी, पाटकऱ्याच्या शेताला सगळ्यांच्या मागून."

त्यांनी तसंच उतरवलं. "मग वाटप गावाकडेच राहू द्या, असं मी लिहितो." लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. नाना मात्र कानाशी येऊन म्हणाले, "बापनं नाव खाई गया का रे, भाऊ?"

इतकी वर्षं मी हिंडलो आबा, आणि काम झालं ते तुमच्या रीतीवर. सही करायलाही तुम्हाला वेळ लागायचा, आणि तुमचा शब्द आराखड्यात गेला. माझा एकही कागद कोणी उलगडला नाही.

हे पत्र पोथीत ठेवतो आहे. आराखडा अजून पक्का झालेला नाही. साहेब अजून धुळ्यात आहेत; सांगितलं तर तुमचं नाव घालतील, माणूस भला वाटला. आज सकाळी धुळ्याची एस.टी. पुढ्यात येऊन थांबली. कंडक्टरने दोनदा विचारलं. मी बसलो नाही.