यलोस्टोनच्या एकशे चाळीस स्लाइड्स

मी, श्रीरंग वामन खांबेटे, वय वर्षे सहासष्ट, निवृत्त इंजिनियर, राहणार ट्रॉय, मिशिगन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदयाची दोन ऑपरेशन्स झाली असली तरी डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. वकिलाच्या इंग्रजी कागदात कोणाला काय द्यायचे एवढेच आहे. का, ते इथे आहे. माझी पत्नी मालिनी हिने माझ्यामागे वाचावे म्हणून मराठीत आहे.

कलम १. राहते घर आणि बँकेतले सगळे मालिनीला.

कलम २. तळघरातली हत्यारे मुलगी उत्तरा हिला, मुक्काम डब्लिन, ओहायो. जावयाला नव्हे. माझ्या टॉर्क रेंचने खिळा ठोकताना मी त्याला पाहिले आहे.

कलम ३. माझे शेअर्स मुलगा प्रसन्न याच्यासाठी ठेवले होते. तो गेला. आता ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉल्टर ब्रँट यांना द्यावेत. मालिनी, तुला मी 'रूममेट' सांगितले. तो प्रसन्नचा जोडीदार होता, नऊ वर्षे. प्रसन्नला एड्स झाल्यावर हॉस्पिटलात जेवणाचे ताट दाराबाहेर ठेवून लोक निघून जात. ते आत नेऊन त्याला भरवणारा वॉल्टर. मी त्याचा बाप, मी भरवले नाही. उत्तराने यावर वाद घालू नये.

कलम ४. अंगणातला बावीस फुटी ट्रेलर विकू नये, भंगारात द्यावा. शेजाऱ्यांनाही बरे वाटेल.

तो मी जुलै शहाऐंशीत घेतला. वॉल्टरचा फोन आला होता, की प्रसन्न फार आजारी आहे, या. विमानाने गेलो असतो तर संध्याकाळी पोचलो असतो. पण एकदम तिकडे का धावले, असे आमच्या महाराष्ट्र मंडळात लोकांनी विचारले असते. म्हणून मी सगळ्यांना रिटायरमेंटची ट्रिप सांगितली. मालिनीला म्हणालो, त्याला विश्रांतीची गरज आहे, आपण सावकाश जाऊ. अडीच हजार मैल, आणि मागे ट्रेलर. खरे सांगायचे तर मला पोचायचेच नव्हते. त्याच्यासमोर कोणते तोंड करून उभे राहायचे ते मला कळत नव्हते.

आमच्यात ट्रिपहून आले की स्लाइड शो करावा लागतो. तेव्हा खोटे खरे दिसायला फोटो हवेत. बॅडलँड्स, माउंट रशमोर, प्रत्येक ठिकाणी मी मालिनीला पुढे उभे केले. ती म्हणे, "अहो, पुरे. चला ना पुढे." मी म्हणे, "जरा हस."

रोज बूथवरून वॉल्टरला मीच फोन करायचो. मंगळवारी यलोस्टोनहून केला, तेव्हा तो म्हणाला, ट्रेलर तिथेच सोडा आणि विमान पकडा, प्रसन्न सारखा आई कधी येणार विचारतो आहे. मी बाहेर आलो. मालिनीने विचारले, "कसा आहे?" मी म्हणालो, "बरा आहे. जेवला." बुधवारी आम्ही तिथेच राहिलो. पुढचे दोन दिवस मी फोनच केला नाही.

शुक्रवारी पहाटे प्रसन्न गेला. शनिवारी दुपारी आम्ही पोचलो. वॉल्टरने मालिनीसमोर मंगळवारचा म सुद्धा काढला नाही. मी त्याचे आभार मानले नाहीत. ते इथे मानतो.

कलम ५. प्रोजेक्टर मंडळाला देऊ नये. ऑक्टोबरात मी आमच्या तळघरात शो केला. 'न्यूमोनियाने गेला' हे लोकांना सांगून झाले होते. नरेंद्र सबनीस, आमचे अध्यक्ष, म्हणाले, "खांबेटे, मन रमवताय ते बेस्ट केलंत." एकशे चाळीस स्लाइड्स झाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालिनी चिवड्याच्या बश्या फिरवत होती. त्या वेळी मला माझी लाज वाटली, आणि तेव्हाही मी गप्प बसलो. स्लाइड्स जाळाव्यात.

कलम ६. माझे दिवस करू नयेत.

येथवर लिहून साक्षीला गुरुदत्त आणि सुनेत्रा मिरजकर यांना बोलावले. गुरुदत्त प्रसन्नचा शाळेपासूनचा मित्र. त्याने वाचले आणि पेन खाली ठेवले. "नो काका, धिस इज नॉट राइट. तुम्ही गेल्यावर काकूंनी हे एकटीने वाचायचं? आत्ता द्या. मग साइन करतो."

म्हणून आज दुपारी मालिनीने हे स्वयंपाकघरात बसून वाचले. दोनदा वाचले. सुनेत्राने पाणी पुढे केले, ते घेतले नाही. मला म्हणाली, "मंगळवारी?" मी हो म्हणालो. मग म्हणाली, "वॉल्टरचा नंबर द्या."

फोन घेऊन ती आत गेली आणि दार लावले. तिचे इंग्रजी बेताचे, पण मोठ्याने बोलते, त्यामुळे पहिला प्रश्न आम्हा तिघांनाही ऐकू आला. "वॉल्टर? प्रसन्न्स मदर. टेल मी, डिड ही वेट फॉर मी?"

उत्तर आम्हाला ऐकू आले नाही. त्याला तासाहून अधिक वेळ झाला. दार अजून बंद आहे. वरील मजकुरात मी काही बदल करत नाही.

साक्षीदार: १. डॉ. गुरुदत्त मिरजकर (सही) २. सौ. सुनेत्रा मिरजकर (सही)

लिहून देणार: श्रीरंग वामन खांबेटे (सही)

ट्रॉय, मिशिगन. रविवार, १७ एप्रिल १९८८.