आबांच्या नंबरची सुट्टी

आबा,

मी तुम्हाला पत्र लिहितेय म्हटल्यावर तुम्ही आधी पोटभर हसून घ्या. तुम्ही होता तेव्हा तुमचा फोन आला की मी "आबा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते" म्हणून ठेवून द्यायचे, आणि आता तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाल्यावर लेकीच्या जुन्या वहीची पानं फाडून बसलेय. पण बोलायचंय ते दुसऱ्या कुणाशी बोलण्यासारखं नाही. आईशी बोलले तर ती "झालं गेलं गंगेला मिळालं" म्हणून मोकळी होईल, आणि मला ते इतक्या स्वस्तात गंगेला मिळवायचं नाहीये.

झालं असं, की गेल्या रविवारी खारघरच्या आमच्या स्वयंपाकघरात मेच्या सुट्टीची बैठक भरली. दरवर्षी भरते आणि दरवर्षी भांडणात संपते. तुमचे जावईबापू कोकणातले, त्यांचं डोकं समुद्रापलीकडे जात नाही. "गोवा करू, नाहीतर तारकर्ली," म्हणाले. तुमची नात आता आठवीत आहे. तुम्ही गेलात तेव्हा बालवाडीत होती, आता माझ्या खांद्याच्या वर गेलीय आणि जीभ तर त्याच्याही वर. म्हणाली, "पप्पा, प्लीज. दरवर्षी पाणी, वाळू, पाणी. मला आता कंटाळा आलाय." मग ते म्हणाले, बरं, ते मोठ्या पाळण्यांचं पार्क? त्यावर ती, "एक तास रांगेत उभं राहायचं, दोन मिनिटं बोंबलायचं, परत रांगेत. त्यापेक्षा मी सोसायटीच्या लिफ्टमध्ये वरखाली करते." मला हसू फुटलं. मी ओट्याशी पाठमोरी, हातात कढई. तेवढ्यात तिने विचारलं, "मम्मी, तू लहानपणी सुट्टीत कुठे जायचीस?" आणि इतकी वर्षं जे कधी तोंडातून निघालं नव्हतं ते निघून गेलं. म्हटलं, "आम्ही मसाल्याच्या डब्यावर बोट ठेवून ठरवायचो."

मग काय, सुटका नाही. कढई तशीच राहिली आणि मी सांगत बसले. कोपरखैरण्याची आपली दीड खोली, पाडव्याचं जेवण झालेलं, आई मिसळणाचा गोल डबा फरशीवर मधोमध आणून ठेवते आणि तुम्ही टोपी काढून, मांडी घालून, निवडणूक जाहीर केल्यासारखं विचारता, "बोला, यंदा कुणाचा नंबर?" ज्याचा नंबर त्याने डब्यातल्या एका वाटीवर बोट ठेवायचं. जिच्यावर बोट, त्या जिनसाच्या गावाला मे महिन्यात आपण चौघं जाणार. वाशीच्या मसाला मार्केटात तुम्ही मापाडी. सगळा जन्म पोती काट्यावर चढवून वजनं पुकारण्यात गेला. तुम्ही म्हणायचा, "रोज देशभराचा माल माझ्या म्होरनं जातोय, पर त्येचं गाव काय मी बघितलं न्हाई. चला, बघून येऊ." जगातले बाप पोरांना समुद्र दाखवतात, माझा बाप धन्यांचं गाव दाखवायला निघाला होता.

पहिला नंबर माझा होता, कारण मी थोरली. मी धन्यांवर बोट ठेवलं, त्याचं कारणही मी लेकीला सांगितलं. आपल्या दाराशी पाय पुसायला तुम्ही एक रिकामं पोतं आणलं होतं, त्याला धन्यांचा वास यायचा आणि त्याच्यावर निळ्या शाईत बार्शीच्या पुढच्या कुठल्याशा गावाचं नाव छापलेलं होतं. मी पाचवीत, दिसेल ते मोठ्याने वाचायची खोड, सगळ्या जगाला वाचून दाखवत सुटले होते. मी ते नाव वाचलं आणि म्हटलं, हे धन्यांचं गाव. तुम्ही पोत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणालात, "मग ठरलं." दोन एसट्या बदलून, धुळीने माखून तिथं पोचलो तर पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "धनं? आवो, हितं तूर हाय समदी. धनं कोन पेरतंय हितं?" शिवाय मे महिना, रानं नांगरून मोकळी. बघायला तूरसुद्धा नाही, नुसती ढेकळं. मी रडायला लागले. तुम्ही त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात टाकून असे काही हसायला लागलात की त्याने आपल्याला घरीच नेलं. दोन दिवस दही-धपाटे खाल्ले, विहिरीत पाय सोडून बसलो, आणि धने बघायला गेलेले आपण पाच किलो तूरडाळ घेऊन घरी आलो. माझ्या लग्नाच्या वेळी तुम्ही सहज बोलून गेलात, "त्ये पोतं तिसऱ्यांदा भरल्यालं हुतं. शिक्का पैल्या मालाचा आसतो. मला तवाच म्हाईत हुतं." मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? तुम्ही म्हणालात, "तू वाचलं हुतंस की." आबा, रविवारी एवढंच सांगितलं आणि लेकीने पाणी आणून दिलं.

दुसऱ्या वर्षी धाकट्याचा नंबर. त्या येड्याने मिठावर बोट ठेवलं. मिठागरं आपल्या हाकेच्या अंतरावर, उरणकडे. सकाळी निघालो आणि संध्याकाळी चहाला घरी. तो आठवडाभर पाय आपटत होता की माझा नंबर फुकट गेला, मला परत द्या. तुम्ही म्हणालात, "बोट ठिवायच्या आधी डोस्कं वापरावं." आणि तिसऱ्या वर्षी आई. डब्यात गूळ नसतोच, पण तिने डबा बाजूला सारला आणि शेजारच्या गुळाच्या ढेपेवर बोट ठेवलं, कारण गुऱ्हाळं तिच्या माहेरच्या वाटेवर! तुम्ही कपाळाला हात लावलात. गुऱ्हाळं कधीच थंड झाली होती, पण आई आठ दिवस माहेरी लोळली. मेमध्ये कुठल्याच पिकाचा हंगाम नसतो हे आपल्याला दरवर्षी नव्याने कळायचं, आणि तरी पुढच्या पाडव्याला डबा परत फरशीवर. तुमचे जावई हसून हसून डोळ्यांतलं पाणी पुसत होते. लेकीने मात्र बरोबर जागी बोट ठेवलं. तुमचीच नात. "चौथ्या वर्षी कोण? आजोबा ना? ते कुठे गेले?"

आता आपल्या दोघांचं. त्यातली एक गोष्ट मी तिला सांगितली नाही, तुम्हाला मात्र पूर्ण सांगते, म्हणजे माझ्या बाजूने पूर्ण.

मी तेव्हा आठवीतच होते. वर्गातल्या मुली नव्या निघालेल्या पाण्याच्या पार्कात जाऊन आलेल्या, एकीने फोटोच आणले होते. पाडव्याला तुम्ही नेहमीसारखी टोपी काढून बसलात, पण नेहमीसारखं विचारलं नाहीत. नवीन शर्ट होता अंगात. जरा लाजतच म्हणालात, "यंदा आमचा नंबर हाय बरं का." तीन वर्षं थांबला होता तुम्ही. हात डब्यावर आलेला होता, बोट पुढे काढलेलं होतं, आणि मी म्हटलं, "मी येणार नाही. शाळेत सगळ्या विचारतात सुट्टीत कुठे गेलीस, मी काय सांगू, मिठागर बघितलं? तुम्हाला पोत्यांशिवाय काही दिसतच नाही." आई म्हणाली, "तोंड सांभाळ." तुम्ही एक थोबाडीत दिली असती तरी मी आज सुखी असते. तुम्ही झाकण उचललंत, डब्यावर बसवलंत, आणि अगदी साध्या आवाजात म्हणालात, "बरं. पान्याच्या बागंला जाऊ. पोरांचं वय हाय."

आणि गेलो. आईने पहाटे उठून केलेल्या चपात्या आणि बटाट्याची भाजी फाटकावर अडवली, घरचं खाणं आत चालत नाही म्हणे. टाकून द्यायला तुमचा जीव होईना, म्हणून तुम्ही बाहेर उभ्याउभ्या आपल्या चौघांच्या वाटणीचं खात राहिलात आणि तासाभराने आत आलात. पाण्यात उतरायला ते नायलॉनचे कपडे लागतात, तुम्ही पायजम्यात. मग दिवसभर एका प्लास्टिकच्या खुर्चीवर, टोपी सारखी करत, आमच्या चपला आणि पिशव्या राखत बसलात. मी घसरगुंडीवरून खाली येताना तुम्ही दरवेळी हात वर करायचा. दरवेळी, आबा. मी ओळख दाखवली नाही. शेजारी शाळेतली एक मुलगी होती. घरी येताना तुम्ही विचारलंत, "मजा आली का?" मी म्हटलं हो. ती खरंच आली होती, हेच वाईट. पुढच्या पाडव्याला डबा ओट्यावरच राहिला. मग माझी दहावी, धाकट्याचे क्लास, तुमचे गुडघे. कुणी विचारलं नाही कुणाचा नंबर, आणि तुम्ही आठवण करून देणाऱ्यातले नव्हता.

हे सगळं एका दमात नाही, तुकड्यातुकड्याने लेकीला सांगितलं. ओळख दाखवली नाही ते सोडून. ती म्हणाली, "म्हणजे आजोबांचा नंबर अजून बाकी आहे. मग त्यांच्या नंबरला जाऊ ना आपण. बोट कशावर ठेवणार होते ते?" आणि आबा, ते मला माहीत नाही. तुमचं बोट डब्यावर होतं आणि मी तुमच्याकडे बघतच नव्हते, मी तो पार्कातला फोटो हातात घेऊन बसले होते. मोहरी होती, जिरं होतं, मेथी, हळद, तिखट. तुम्ही काय ठरवलं होतं? तीन वर्षं मनात काय घोळवत होता? नंतर वीसेक वर्षं तुम्ही समोर होता, माझ्या सोफ्यावर बसून चहा पीत होता, आणि मी एकदा विचारलं नाही. दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "वेलची."

कशी निघाली तोंडातून, विचारू नका. लेक उड्याच मारायला लागली, वेलचीचं गाव, वेलचीचं गाव. जावयांनी मोबाईल काढला, केरळातले डोंगर शोधले, दोन दिवसांत तिकिटंसुद्धा झाली. तिथल्या एका बाईंच्या घरी राहायचं आहे. त्यांनी फोनवर आधीच सांगितलं की मेमध्ये तोडणी नसते, झाडाच्या बुंध्याशी फुलं बघायला मिळतील. म्हणजे आपलं नेहमीचंच. लेकीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या आठ दिवसांवर जाड पेनाने लिहिलंय, "आजोबांचा नंबर." येता-जाता दिसतं.

आईला फोन केला. ती धाकट्याकडे आहे, बरी आहे, तुमच्यानंतर जरा जास्तच हुकूम सोडते. मी सांगितलं, आबांच्या नंबरला चाललोय, वेलचीच्या गावाला. ती मग म्हणाली, "आगं, यलची कवा हुती आपल्या डब्यात? सणाला आनायचे चार दानं, ते बी पुडीत." मी विचारलं, "आई, तुला सांगितलं होतं का त्यांनी कधी, कुठं जायचं होतं?" ती म्हणाली, "मी इचारलं हुतं. म्हनले, जाऊ दे, कदी जमलं तर सांगीन." आणि मग म्हणाली, "मी बी येते. माझं तिकीट काढ. खिडकीची जागा बघ." तिने लेकीला काही सांगितलं नाही. सांगणारही नाही.

आता कबुली. वेलची आपोआप तोंडात आली असं मी वर लिहिलंय, ते खोटं आहे. ऐरोलीच्या ऑफिसात माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन वर्षांपासून त्याच डोंगरांचा फोटो आहे. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता मी तिथली घरं, तिथल्या वाटा बघत बसते, आणि घरात कधी बोलले नाही, कारण मला तिकडे जायचंय असं म्हटलं की गोवा पुढे येतो. तुमचं नाव घेतलं आणि सगळे एका फटक्यात तयार झाले. तुमचा नंबर मी परत घेतला, आबा. आठवीत हट्टाने घेतला, आता तुमच्या नावाने घेतला. पोरीला खरं सांगायला पाहिजे, पण ती कॅलेंडरखाली उभी राहून दिवस मोजते आणि माझा धीर होत नाही. आणि खरं सांगू का, मला फार फार जायचंय तिथं.