दहा लाख एकला भाग कशानं जातो

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज दुपारी बसल्या बसल्या तुमच्याशी बोलावंसं वाटलं, म्हणून कागद घेऊन लिहायला बसले.

आपण बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातलं आहे. नाचणगावच्या घरात तुम्ही खाटेवर पडून होतात. गाडी उलटून मांडीचं हाड मोडलं होतं. गिरणीत उभं राहून काम करणं आता जमणार नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्या दिवसापासून तुम्ही बोलणंच सोडलं. माय ताट समोर ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. तुम्ही रागावत नव्हता, नुसते आढ्याकडे पाहत राहायचात. त्याचीच मला भीती वाटायची.

सुट्टी लागताना गुरुजींनी एक आकडा दिला होता, दहा लाख एक. एक आणि तो स्वतः सोडून त्याला आणखी कशानं भाग जातो का, ते शोधायचं होतं. माझ्या लहानशा पाटीवर भागाकार मावेना. देव्हारा काढला होता तिथली भिंत कोरी होती. मी कोळशानं तिथंच मांडायला लागले. तिनानं भागलं तर दोन उरले. सातानं दोन. अकरानंही दोनच.

"चुकली असशील व पोरी," मागून आवाज येतो. "सगळ्याईले दोनच कसे उरन? तेरानं पाह्य."

तेरानंही दोनच उरतात. तुम्ही कोपरावर रेटा देऊन उठता. "आण इकडे तो कोळसा."

तुमची शाळा चौथीतच सुटलेली, मोठा भागाकार पार विसरलेला. मी शिकवत गेले, तुम्ही हात पोचेल तिथवर भिंत भरत गेलात. सतरानं दहा उरले तेव्हा लहान मुलासारखे हिरमुसलात. "आता काऊन बिघडलं हे?"

"भित काळी करून राह्यले बापलेक," माय चुलीपुढून म्हणाली. "सारवन कोण?"

"मी सारवीन," तुम्ही म्हणालात.

माय तोंडाला पदर लावून मागच्या दारी गेली.

असे बरेच दिवस गेले. मग एकशे एकानं शेष शून्य आलं, आणि तुम्ही भिंत धरून एका पायावर उभे राहिलात. "तुटला! अवं, तुटला तो! भाकर वाढ मले." जेवता जेवता म्हणालात, "भागाकार नऊ हजार नऊशे एक आला. त्याले कशानं भाग जाते, ते उद्या पाहू."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला सायकलवाल्याकडे पाठवलंत, बसून करण्यासारखं काम आहे का विचारायला. तुम्ही पंक्चर काढू लागलात, मी पुढं वर्ध्याला शिकायला गेले, शिक्षिका झाले. ते दोन का उरत होते, हे तिथं कळलं. दहा लाख एकातून दोन काढले की ओळीनं सहा नऊ राहतात, आणि त्यांना तीन, सात, अकरा, तेरा, सगळ्यांनी भाग जातो. सतरानं जात नाही. आपण चुकलो नव्हतो, बाबा.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, म्हणून सांगते. जन्मभर पोरांना भागाकार शिकवले, पण नऊ हजार नऊशे एकाचा अजून केलेला नाही. परवा नात मोबाईल काढून म्हणाली, "आजी, आत्ता सांगते." मी तिला थांबवलं. एकटीनं तो करवत नाही.