काकूंनी ठरवलेली माझी जात

१२ जानेवारी १९३६, टिळकवाडी
मालकीणकाकूंनी आज स्वयंपाकघरात बोलावून पापडाचं पीठ मळायला लावलं. भाडेकरणीला आत घेणं म्हणजे केवढा मान! शेजारणीला म्हणाल्या, "उपाध्यांची सून, निपाणीकडची. कांदा-लसूण शिवत नाही, पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. एवढं सोवळं आपल्या ब्राह्मणांतसुद्धा राहिलं नाही आता." मी मान खाली घालून पीठ मळत राहिले. आम्हा जैनांतही देवळात पूजा करणारे उपाध्येच. पण ते कुणी विचारलं नाही. बोलणं तेवढं गावंढळ आहे, सुधारेल, असंही म्हणाल्या. हसू आवरेना.

२० जाने.
ह्यांच्या कानावर घातलं. "आपण कुठं लबाड बोललोय? त्यांनी विचारलं न्हाय, आपण सांगितलं न्हाय." कारकुनी उत्तर! कचेरीत ह्यांना कुणी लिंगायत समजतं, कुणी मराठा. हे सगळ्यांना मान डोलावतात.

माझं मात्र इथं फार बरं चाललंय. आई लहानपणीच गेली, सासूबाई नाहीत. पहिलं बाळंतपण कुठं, हा घोर होता. काकूंना मुलगी नाही. काल म्हणाल्या, "माझ्याकडेच कर. मागची खोली आहे की." रडले. आनंदानंच.

२ फेब्रु.
सातवा लागला. पौर्णिमेला चांदण्यात डोहाळजेवण करायचं काकूंनी ठरवलंय. बायकांना बोलावून झालं. अंगणात झोपाळा, हिरवं लुगडं, आणि चंद्र वर आला की ताटं.

सूर्य बुडाल्यावर आम्ही अन्न घेत नाही. आजवर डोकं दुखतं, भूक नाही, असं म्हणून वेळ मारून नेली. आता डोहाळकरणीनंच ताटावर बसून भूक नाही म्हणायचं? खरं सांगितलं तर मागची खोली जाईल. खोली दुसरी मिळेलही, काकू कुठून आणू?

४ फेब्रु.
सांगून टाकलं. काकू तांदूळ निवडत होत्या.
"काकू, रात्रीचं मला जेवता यायचं न्हाय. आम्ही ब्राह्मण न्हवं. जैन."
सूप खाली ठेवलं. "अगं, मग इतके दिवस..." उठून आत गेल्या. दार लावलं नाही, पण ये असंही म्हणाल्या नाहीत.

हे म्हणतात, सामान बांधायला घेऊ का. वाईट वाटतंय, पण हलकंही वाटतंय. आज पोटभर जेवले.

५ फेब्रु.
काकूंची हाक नाही. रोजचं आमसुलाचं सार आलं नाही.

६ फेब्रु.
सकाळी काकू आमच्या दाराशी. आत आल्या नाहीत. "तुमच्यात जेवण नक्की केव्हा उरकायला लागतं गं?" म्हटलं, दिवस मावळायच्या आत. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या. बरं म्हणजे काय बरं...

८ फेब्रु.
काल डोहाळजेवण झालं. उन्हं असतानाच! गरोदर बाईला रात्रीचं जड पचत नाही, असं काकूंनी बायकांना सांगितलं. झोपाळा, गाणी, पुरणपोळी, कुंदा. इतकं कौतुक माझं कधी कुणी केलं नव्हतं. काकू समोर बसून आपल्या हातानं भरवत होत्या.

मध्येच एका म्हातारबाईंनी विचारलं, हे उपाध्ये कुठले म्हणायचे? देशस्थ की कऱ्हाडे? मी काकूंकडे बघितलं. त्यांनी पोळीचा घास तुपात बुडवला, माझ्या तोंडात भरला आणि म्हणाल्या, "देशस्थ."

बोलता येईना. घास गोड होता. गिळला.

आज सकाळी काकूंनी मागची खोली सारवून घेतली. बघून जीव निवला, खोटं कशाला लिहू. पण आधी निदान त्यांचा गैरसमज होता. आता त्यांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. बारशाला मामंजी येतील, आमच्या देवळाचे पुजारी. त्याच बायका पुन्हा जमतील. मामंजींच्या देखत काकू काय सांगणार, कोण जाणे. आणि मी? त्या वेळी माझ्या तोंडात घास नसणार.