ओलीचं घर

ता. १६ फेब्रुवारी १९३४
घरमालकाने आज तोंडावर सांगितलं. पाडव्याआधी मागाचा खड्डा बुजवा, सगळीकडे फरशी घालायचीय. म्हणजे आम्ही राहायचं, पण माग नाही. मामय्या, माझे सासरे, जेवलेच नाहीत. बारा वर्षं त्या खड्ड्यात पाय सोडून विणताहेत. हे म्हणाले, आता स्वतःचंच घर बघू. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चेहरा मात्र सुतकी ठेवला.

ता. २० फेब्रु.
दोन घरं पाहिली. पहिलं लख्ख, खिडक्यांना रंगीत काचा. मी भाळलेच. मा. (सबंध नाव लिहायला शाई फार जाते) चप्पल काढून आत चार पावलं चालले आणि बाहेर आले. "सूत तुटेल." जमीन कोरडी ठाक. ओलीशिवाय सूत उन्हाळ्यात दम धरत नाही, हे मलाही कळतं. पण त्या काचा... दुसऱ्या घरात हातभर खणलं की कातळ.

ता. २५ फेब्रु., रविवार
सात घरं झाली. मा. घर तळव्यांनी बघतात. आज एका बाईने विचारलं, "आजोबांच्या पायात काय रुतलंय व्हय?" ह्यांनी सरळ "व्हय" म्हणून टाकलं. बाईने सुई आणून दिली. घरी येईपर्यंत माझी हसून पुरेवाट.

ता. २ मार्च
तळ्याच्या अंगाला एक घर. मालक अप्पा, वळसंगचे, म्हातारपणी शेतावर परत चाललेत. पुढच्या खोलीत भर दुपारी शेगडी पेटवलेली, उदाचा धूर, जमिनीवर पोती अंथरलेली. मला शंका आली. पोत्याचं टोक उचललं, खाली गार ओल. अप्पा आढ्याकडे बघायला लागले. मी मा.ना खूण केली. त्यांनी पोत्याखाली पाय सरकवला आणि तिथेच उभे राहिले. मग हळूच, आमच्या तेलुगूत, "बागुंदी." छान आहे, असं त्यांच्या तोंडून मी लग्नानंतर दुसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा बाळ झालं तेव्हा.
स्वयंपाकघर दोन पायऱ्या वर, कोरडं. खिडकीतून पाणी दिसतं. मनातल्या मनात मी डबेसुद्धा मांडले.
हे कानात म्हणाले, खुशी दाखवू नका, किंमत वाढेल. तिघंही पडेल चेहऱ्याने निघालो. कोपरा वळल्यावर मा.च आधी हसले.

ता. ७ मार्च
तोंडी ठरलं. कागद सोमवारी. भाजीत दोनदा मीठ घातलं, तरी सगळ्यांनी ताट पुसून खाल्लं.

ता. १० मार्च, शनिवार
अप्पा स्वतः आले. चहा नको, आधी बोलू दे, म्हणाले.
"ताई, ती पोती मी ओल झाकाय अंथरली. चार दिस झोप न्हाय. शिवाचं नाव घेतो मी, तुमाला फसवून गावाकडं कसा जाऊ? घरात बारकं लेकरू हाय तुमच्या. शहाबादी फरशी सांगितलीय, माझ्या खर्चानं. उद्याच गवंडी येतोय की."
आम्ही गार.
हे म्हणाले, अप्पा, आम्हाला ओलच पाहिजे, मागासाठी. अप्पांचे डोळे भरून आले. "किती चांगली मानसं तुमी. माझा खर्च वाचावा म्हनून बोलताय." मी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. मा.नी मोडक्या मराठीत सांगितलं. जितकं सांगावं तितके अप्पा विरघळत गेले. शेवटी, आता तर चांगल्यातलीच फरशी घालतो, लई शोभंल, म्हणत उठले. चहा तसाच राहिला.
इतक्या भल्या माणसावर रागवायचं कसं?

ता. ११, रविवार, सकाळ
मा. कुदळ धुऊन तयार. त्यांचं म्हणणं, गवंड्याच्या आधी पोचायचं आणि खड्डा खणून त्यात पाय सोडून बसायचं. मग बघू कशावर फरशी घालतात. मी म्हटलं, कागद उद्या आहे, घर अजून अप्पांचं आहे. अप्पा बिथरले तर हे घरही जाईल आणि पाडवाही डोक्यावर. मा. म्हणाले, "बसलेला विणकर बघतील, तेव्हा पटेल."
हे टांगा आणायला गेलेत. बाळाला शेजारी ठेवलं. घमेलं मी घेतलंय. खरं सांगायचं तर इतकी मजा मला लग्नातही आली नव्हती. अप्पा दार उघडतील तेव्हा पहिलं कुणी बोलायचं, ते अजून ठरलेलं नाही.